रानातील चिखल आणि ट्रॅक्टरचे टायर

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की सत्तरी, सांगे, धारबांदोडा व काणकोण या तालुक्यांतील रानालगतच्या बागायतींत कामांची एकच घाई उडते. काजूची कलमे लावणीच्या जागी न्यावयाची असतात, कुळागरात खत पोहोचवावयाचे असते, उन्हाळ्यात रचून ठेवलेला लाकूडफाटा घरी आणावयाचा असतो. नेमक्या याच दिवसांत झाडांमधल्या वाटांवर चिखल माजतो आणि ट्रॅक्टर रुतून बसतो. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. त्यामुळे हा प्रश्न एकट्यादुकट्या बागायतदाराचा नाही.

ट्रॅक्टर रुतला की इंजिन कमी पडले, असा समज करून घेतला जातो. वस्तुतः इंजिनाची शक्ती जमिनीवर उतरते ती टायरच्या जमिनीला टेकलेल्या भागातून. तेथे पकड नसेल तर मोठे इंजिन चाक अधिक वेगाने फिरवील आणि खड्डा अधिक खोल करील, एवढेच. म्हणून टायरची निवड विचारपूर्वक करणे अगत्याचे आहे.

प्रथम चिखलाची पारख

टायर पाहण्यापूर्वी चिखल पाहावा. वाटेवर चार-पाच ठिकाणी पहार खुपसून कठीण तळ किती खोलवर लागतो ते तपासावे. डोंगरउतारावरील काजूच्या बागेत बहुधा वीतभर तांबड्या चिखलाखाली जांभा दगड लागतो. ओहोळाकाठच्या सखल जागी मात्र पहार खोल गेली तरी तळ लागत नाही. हे दोन चिखल भिन्न आहेत व त्यांवरील उपायही भिन्न आहेत. पहिल्या चिखलात टायरने वरचा थर कापून तळाला जाऊन भिडावे, तर दुसऱ्यात टायरने शक्यतो वरच्या वर तरावे. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर उभे आहे.

दातांची खोली

टायरच्या बाजूवर ‘आर-१’, ‘आर-२’ अशी खूण असते. ‘आर-१’ हा शेतीचा नेहमीचा टायर होय. ‘आर-२’ हा भात व उसाच्या चिखलासाठी बनविलेला असून त्याचे दात सुमारे दुप्पट खोल असतात. उथळ चिखल व खाली कठीण तळ असेल तेथे खोल दातांचा टायर उत्तम काम देतो. मात्र डांबरी रस्त्यावर तो लवकर झिजतो व हादरेही फार देतो. ज्यांचा ट्रॅक्टर वर्षाचा बहुतेक काळ रस्त्यावर ट्रॉली ओढतो, त्यांनी चांगल्या दातांचा ‘आर-१’ टायर वापरणेच हिताचे. ‘आर-३’ हा हिरवळीसाठी असलेला उथळ नक्षीचा टायर चिखलात निरुपयोगी ठरतो.

टायर बसविताना बाजूवरील बाणाची दिशा अवश्य पाहावी. दातांचे मधले टोक जमिनीला आधी टेकले पाहिजे. म्हणजे चिखल दोन्ही कडांकडे ढकलला जाऊन टायर आपोआप साफ होतो. टायर उलटा बसला तर दातांत चिखल भरून राहतो आणि टायर गुळगुळीत चाकासारखा घसरू लागतो.

रुंदी आणि हवा

‘१३.६-२८’ या आकड्यांपैकी पहिला टायरची रुंदी व दुसरा रिमचा व्यास इंचांत दर्शवितो. खोल चिखलात रुंद टायर व कमी हवा उपयोगी पडते. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ, हा शाळेतील नियम येथे लागू होतो. एका चाकावर ७०० किलो भार आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १.४ किलो (सुमारे २० पौंड) असेल, तर टायर स्थूलमानाने ५०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. दाब १ किलोवर (सुमारे १४ पौंड) आणल्यास तीच जागा ७०० चौरस सेंटिमीटर होते. अर्थात टायरच्या कारखान्याने दिलेल्या किमान मर्यादेखाली हवा उतरवू नये. तसे केल्यास टायर रिमवर फिरून ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो. भरलेली ट्रॉली घेऊन रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी.

टायरमध्ये पाणी भरून वजन वाढविण्याची पद्धत कठीण तळाच्या जागी लाभते. खोल चिखलात मात्र तेच वजन ट्रॅक्टरला अधिक खाली नेते.

चारही चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरचे पुढचे-मागचे टायर ठरावीक प्रमाणात असतात. एकाच जोडीचा आकार बदलल्यास गिअरांवर ताण येतो.

खुंट आणि मुळे

रानात चिखलाखाली तोडलेल्या झाडांचे खुंट व बांबूचे टोकदार बुडखे दडलेले असतात. रेडियल टायर मऊ बाजूंमुळे जमिनीवर अधिक पसरतो व पकड चांगली देतो. परंतु त्या मऊ बाजू खुंटांनी लवकर फाटतात. अशा जागी जाड बाजूंचा, अधिक प्लायचा साधा टायर टिकतो. झाडांच्या वरच्या थरातील मुळांनाही जपावे. चाकाच्या पहिल्या फेरीतच माती सर्वाधिक दबते, म्हणून दर वेळी नवी वाट न पाडता एकच वाट ठेवावी.

घसरण मोजण्याची रीत

चाकावर खडूने खूण करावी. रिकामा ट्रॅक्टर चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जातो ते मोजावे व त्याच जमिनीवर भारासह पुन्हा मोजावे. समजा, पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३४ मीटर भरले, तर घसरण १५ टक्के झाली. एवढी घसरण चालण्यासारखी आहे. ती २० टक्क्यांच्या वर गेल्यास डिझेल व टायर दोन्ही वाया जातात. अशा वेळी ट्रॉलीतील भार कमी करावा.

ट्रॅक्टर रुतल्यास

येथे प्रश्न पैशाचा न राहता जिवाचा होतो. रुतलेल्या मागच्या चाकांना ओंडका बांधून किंवा पुढे अडवून ट्रॅक्टर काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. चाक अडले असता इंजिनाचा जोर चालूच राहिला, तर चाकाऐवजी ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती फिरते, पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकावर मागे उलटतो. हे एक-दोन सेकंदांत घडते; उडी मारण्यास अवसर मिळत नाही. ओढण्याची साखळीही खालच्या ओढदांड्यालाच लावावी, आसाच्या वर कधीही लावू नये.

चाक जागीच फिरू लागताच थांबावे. ट्रॉली सोडावी, चाकामागची माती काढावी, फांद्या किंवा फळ्या अंथराव्यात आणि आल्या वाटेने हळूहळू मागे यावे. तरीही ट्रॅक्टर न निघाल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरची मदत घ्यावी. डिफरन्शियल लॉक चिखलात शिरण्यापूर्वीच लावावा व वळण घेताना सोडावा.

ज्या जागी पहारीला तळ लागत नाही, तेथे कोणत्याही टायरवर भरवसा न ठेवता चार दिवस उघडीप मिळेपर्यंत थांबणे, हेच शहाणपणाचे ठरते. नवे टायर घेण्यापूर्वी बागायतदार बंधुभगिनींनी आपल्या वाटेवरील चिखलाची पारख करावी व आपल्या भागातील विभागीय कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.