पटकीच्या विषाचे जनुकीय भेद कसे ओळखतात?

भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून वाहणारे नर्मदेचे पाणी नितळ दिसले, तरी त्यात कोणते जंतू आहेत हे डोळ्यांना कळत नाही. नदीच्या पाण्यात पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जातीचे जंतू आढळले तरी तेवढ्यावरून ते घातक ठरत नाहीत. कारण पाण्यातील अशा पुष्कळ जंतूंत विषाचे जनुक नसतेच. म्हणून प्रयोगशाळेपुढे दोन प्रश्न असतात : जनुक आहे काय, आणि असल्यास कोणत्या प्रकारचे?

जंतूने सोडलेल्या विषामुळे पटकीचे जुलाब होतात, हे कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावरील प्रयोगांनी सिद्ध केले. या विषाचा ‘बी’ घटक आतड्याच्या पेशीला चिकटतो. ‘ए’ घटक पेशीत शिरून पाणी व क्षार बाहेर टाकावयास लावतो. जनुक हा चार रासायनिक अक्षरांचा लेख होय. ‘बी’ घटकाच्या जनुकातील ११५ वे अक्षर जुन्या ‘क्लासिकल’ प्रकारात ‘सी’, तर मूळच्या ‘एल टॉर’ प्रकारात ‘टी’ असते.

हा भेद ओळखण्यासाठी प्रथम जंतूंची शुद्ध वाढ करतात व त्यांतील डी. एन. ए. वेगळे काढतात. त्यात ‘आरंभक’ नावाचे डी. एन. ए.चे लहान तुकडे घालून मिश्रण आळीपाळीने तापवितात व निववितात. प्रत्येक आवर्तनात प्रती दुप्पट होतात. ३० आवर्तनांनंतर, तत्त्वतः, एकीच्या शंभर कोटींहून अधिक! मात्र आरंभकाचे शेवटचे अक्षर जुळले तरच नक्कल नीट होते. शेजारचे एक अक्षर मुद्दाम न जुळणारे ठेवले, म्हणजे चुकीच्या प्रकाराची नक्कल जवळजवळ थांबते. मग जेलमधून विद्युत्प्रवाह सोडला असता प्रतींचा पट्टा दिसतो. सोबत दोन्ही प्रकारांचे माहितीतले जंतू आणि डी. एन. ए. नसलेले नुसते पाणी हेही तपासावे लागते. एरवी पट्ट्यावर विश्वास ठेवता येत नाही.

हैतीत २०१० साली पटकी पसरली. तेथील जंतूंत ५८ वे अक्षरही बदललेले होते. कोलकात्याच्या संशोधकांनी या अक्षरासाठी चाचणी तयार करून जपून ठेवलेले जुने जंतू तपासले. तो बदल त्या शहरात २००६ पासूनच होता, असे त्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. साथीचा माग एका अक्षरावरून असा काढता येतो.

रोग्याचा उपचार मात्र या निकालासाठी थांबत नाही. विषाचा प्रकार कोणताही असो, शरीरातून गेलेले पाणी व क्षार तत्काळ भरून काढणे हाच पहिला उपाय होय.