शेळीची खाज आणि सरसकट एकच सुई

चिटगुप्प्याच्या आसपासची बरीच शेरडं काळी, उस्मानाबादी वळणाची. काळ्या अंगावर पांढरी खपली लांबूनही दिसते, हे बरंच आहे. पण दिसली की दुकानातून आयव्हरमेक्टिन आणून टोचायचं, ही घाई नडते. गजकर्णावर त्या सुईचा काडीचाही उपयोग नाही.

आधी दुखणं कुठून सुरू झालं ते बघा. डोळ्यांभोवती, नाकावर, कानाच्या कडांना सुरुवात, खाजवून रक्त, कातडी जाड झालेली, तर बहुधा लूत. केसांच्या मुळाशी लिखा चिकटलेल्या दिसल्या तर उवा. गोल, राखी रंगाचा, केस तुटलेला चट्टा आणि खाज फारशी नाही, तर गजकर्ण. ओठांवर फोड आणि खपल्या असतील तर तो मावा. त्याचं कारण विषाणू, त्याची वाट वेगळी.

नक्की निदान खरवडीवर होतं. चट्ट्याच्या मधोमध नव्हे, जिथे चांगली कातडी सुरू होते त्या कडेला, पात्याला थेंबभर तेल लावून रक्त किंचित पाझरेपर्यंत खरवडावं लागतं. वरवरची खपली नेलीत तर लुतीचा किडा सापडत नाही, कारण तो आत बिळं करून राहतो. एकदा सापडला नाही म्हणून लूत नाही, असंही नव्हे. गजकर्णासाठी कडेचे तुटके केस हवेत. हे काम डॉक्टरांना करू द्या. बीदरला नंदीनगरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

लुतीला आयव्हरमेक्टिन कातडीखाली, एक टक्क्याचं असेल तर 50 किलो वजनाला 1 मिली, म्हणजे 25 किलोच्या शेळीला अर्धा. औषध अंडी मारत नाही, म्हणून 10 ते 14 दिवसांनी दुसरा डोस. खाज थांबली की हा दुसरा डोस हमखास चुकतो. एकीला लूत म्हणजे कळपातल्या सगळ्यांना उपचार. गजकर्णाला खपली मऊ करून काढा, जाळा आणि डॉक्टरांनी दिलेलं बुरशीनाशक मलम लावा. हातमोजे घालाच, गजकर्ण माणसालाही होतं, पोरांना आधी. जळकं इंजिन ऑइल मात्र कशावरच चोपडू नका, कातडी भाजते आणि शेळी ते चाटते.

दुभत्या शेळीला सुई देण्याआधी डॉक्टरांना विचारा. बकरी ईदला विकायचा बोकड असेल तर उपचार आधीच उरका. बाटलीवर मांसासाठी लिहिलेले दिवस शेवटच्या डोसपासून मोजायचे असतात.