घरीं कोणता प्राणी पाळावा?

शाळेंतून परततांना कुत्र्याचें एखादें पिल्लूं पायांत घोटाळलें, कीं तें उचलून घरीं नेण्याचा मोह मुलांना आवरत नाहीं. हा मोह वाईट नव्हे. परंतु पिल्लूं उंबऱ्याच्या आंत येण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं बसून थोडा हिशेब मांडावा, असें आम्हांस वाटतें.

पहिला हिशेब वर्षांचा. कुत्रा साधारणतः १० ते १३ वर्षें जगतो; घरांत जपलेलें मांजर १५ वर्षेंही जगतें. म्हणजे पांचवींतल्या मुलानें आणलेलें पिल्लूं म्हातारें होईल, तेव्हां तो मुलगा नाशकास किंवा पुण्यास नोकरीवर असेल, आणि रोजची भाकरी कुसकरण्याचें काम आईच्या वांट्यास येईल. तेव्हां आईचें मत आधीं विचारावें, हें सांगणें नलगे.

दुसरा हिशेब पाण्याचा. चांदवड तालुका कमी पावसाचा. जेथें वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथें हौसेखातर गाय बांधणें म्हणजे तिला तहानेनें मारणें होय. दुभत्या गाईस उन्हाळ्यांत दिवसाला ५० लिटरांहून अधिक पाणी लागतें. शेळीचें ५ ते ७ लिटरांत भागतें. नाशिक व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील संगमनेरी शेळी या कोरड्या हवेस सोसणारी असून दूधही देते. मात्र ती शेजाऱ्याच्या वाफ्यांत शिरली तर भांडण ठरलेलें. म्हणून राखणारा माणूस हवा.

शेळीच्या बाबतींत पालकांना एक विनंती आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत नाथान संदेष्टा दावीद राजास एका गरिबाची गोष्ट सांगतो. त्याच्याजवळ एकच कोकरूं होतें, व तें त्याच्या मुलांबरोबर वाढून त्याच्याच ताटांतलें खात असे. तें कोकरूं पाहुण्यासाठीं कापलें गेलें, हें ऐकून राजा संतापला. करडूं विकण्यासाठीं वाढवावयाचें असेल तर तें मुलांना पहिल्याच दिवशीं स्पष्ट सांगावें. मुलांनीं नांव ठेवावें, हातानें पाला चारावा, आणि एका बाजारच्या दिवशीं दावें रिकामें दिसावें, हें फार वाईट.

आतां कुत्रा. मळ्यांत वस्ती असेल तर त्याच्यासारखा राखणदार नाहीं. पण मुंबई–आग्रा महामार्ग गांवाला लागून जातो. त्याच्या कडेस राहणाऱ्यांनीं कुंपण नसतां मोकळा कुत्रा ठेवूं नये. आमच्याकडील कुत्र्यांना आणखी एक भय आहे, व तें बहुतेकांना ठाऊक नसतें. तें म्हणजे कांदा. ज्या कांद्यावर आमचीं घरें चालतात, तोच कुत्र्यामांजरांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतो. कच्चा असो, शिजलेला असो, लसूणही त्याच जातीचा. उरलेलें कांद्याचें कालवण रोज भाकरीवर ओतलें, तर कांहीं दिवसांनीं कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिक्या पडतात व लघवी गडद होते. कुत्र्यासाठीं भाकरी व वरण फोडणीपूर्वींच बाजूला काढावें.

पिल्लूं तीन महिन्यांचें झालें, कीं रेबीजची लस टोंचावी व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती पुन्हां देत जावें. पाश्चर यांनीं १८८५ सालीं जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम दिली. लक्षणें दिसूं लागल्यावर मात्र हा रोग आजही जवळजवळ नेहमींच प्राण घेतो. म्हणून चावा लहान पिल्लाचा असला तरी जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. तिखट, चुना, हळद यांपैकीं कांहींही भरूं नये.

दिवसभर घरास कुलूप असेल तर मांजर बरें. तें एकटें राहूं शकतें. परंतु दूधपोळीवर त्याचें भागत नाहीं. मांसांत असणाऱ्या एका द्रव्यावांचून त्याची दृष्टि जाते व हृदय दुबळें होतें. ज्या घरांत मांस शिरूंच द्यावयाचें नाहीं, त्यांनीं मांजर आणूं नये. उंदरांना विष घालणाऱ्यांनींही नको, कारण विष खाल्लेला उंदीर मांजर खातें.

पोपटाचा प्रश्न कायद्यानेंच सोडविला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांतील रानपोपट पकडणें, विकणें व पिंजऱ्यांत ठेवणें गुन्हा ठरतो. मुनिया व चांदणी कांसव यांनाही हेंच लागू आहे. विकणारा कांहींही सांगो.

ज्यांच्या घरीं जागा, वेळ अथवा पाणी यांपैकीं कांहींच पुरत नाहीं, अशा मुलांनीं मातीचें एक पसरट भांडें चैत्रापासून भिंतीवर सावलींत ठेवावें. पाणी ओंजळभर पुरे, रोज बदलावें, आणि आंत एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे मधमाशा बुडत नाहींत व चिमण्यांनाही बसावयास जागा होते.