पंपाच्या पेटींतील दोन मार्ग : हुकमाचा व भाराचा

ता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. तिच्या डोक्यावरील तारेंत १५०० व्होल्टांचा दाब होता. २०१६ सालीं त्या हार्बर मार्गावर २५,००० व्होल्टांचा दाब आला. तथापि चालकाच्या हातांतील मुठीशीं या दाबाचा संबंध येत नाहीं. मुठीचा मार्ग सुमारें ११० व्होल्टांचा. त्यांतून केवळ हुकूम जातो. मोटारींचा भार गाडींतील निराळीं साधनें वाहतात.

हेंच तत्त्व शेतकरी बंधूंनीं आपल्या पंपास लावावें, अशी आमची शिफारस आहे. पुष्कळ ठिकाणीं स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टांची असते व तोच दाब टांकीतील तरंगत्या खटक्यापर्यंत नेलेला असतो. तारेचें वेष्टन फाटलें तर टांकींत हात घालणारा प्राणास मुकतो.

रिले असो वा मोठा कॉन्टॅक्टर असो, त्याचे भाग दोन. कॉइलींत प्रवाह येतांच ती लोहचुंबक होऊन पट्टी ओढते. पट्टी ओढली म्हणजे संपर्क मिटून पंपास वीज मिळते. या दोहोंस तारेनें जोडलेलें नसतें. म्हणून कॉइल २४ व्होल्टांची व पंप ४१५ व्होल्टांचा असला तरी चालतें. मात्र पुढील नियम पाळावे :

१. कॉइलीवर लिहिलेला दाब व प्रवाहाचा प्रकार तिच्या पुरवठ्याशीं जुळला पाहिजे. २४ व्होल्टांची कॉइल २३० वर जळते. ४१५ ची कॉइल २३० वर पट्टी धड ओढीत नाहीं, घरघर करते व संपर्क जाळते.

२. संपर्क पंपाच्या व्होल्ट व अँपिअर या दोहोंस पुरेसे असावे. लहान रिलेवर पंपाचा भार टाकूं नये; त्यानें फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी.

३. २४ व्होल्ट मिळविण्यास दोन अलग वेटोळ्यांचाच ट्रान्सफॉर्मर घ्यावा. ऑटो-ट्रान्सफॉर्मरांत वेटोळें एकच असल्यानें उच्च दाब खटक्यापर्यंत पोहोंचूं शकतो.

४. दोन्ही मार्गांच्या तारा एका नळींतून नेऊं नयेत. ओव्हरलोड रिलेचा बंद संपर्क कॉइलीच्या मार्गांत ठेवावा, म्हणजे मोटार तापतांच पंप थांबेल.

हें काम मुख्य स्विच बंद करून परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवावें. परंतु कॉइलीवरील आंकडा स्वतः वाचावा. खटक्याशीं रात्रीं-अपरात्रीं गांठ पडते ती घरच्या माणसांची.