आधी हात बघ, मग प्रश्न विचार

बदलापूर (पूर्व)

चि. मृण्मयी,


तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांतल्या कटिंग मास्टरांना नवं कसं सुचतं, हा विषय चांगला आहे. पण साठ जणांना वाटायची ती प्रश्नावली बाजूला ठेव. ‘स्वतःला किती कल्पक समजता, एक ते पाच?’ यावर मास्टर ‘चार’ म्हणेल आणि कामाला लागेल. त्या चारचं तू काय करणार?

पाच-सहा माणसंच घे. मानसशास्त्रज्ञ जोनाथन स्मिथ यांनी 1996मध्ये मांडलेली, माणसाच्या अनुभवाचा अर्थ लावण्याची पद्धतही थोड्याच माणसांशी सविस्तर बोलण्यावर उभी आहे. आधी नुसती बसून बघ. मास्टर कापडाचं थान कसं पसरतो, पॅटर्न कुठे मांडतो, खडू हातात धरून कुठे थबकतो. मग त्या थबकण्याबद्दलच विचार. तो हिंदीत, सिंधीत बोलला तर तसंच उतरव.

उल्हासनगर म्हणजे नकली माल, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. असले आपले समज आधी वहीत लिहून काढ. तत्त्वज्ञ हुसर्लचं सांगणं तेच, असे समज कंसात ठेवायचे. मास्टर स्वतःच म्हणेल, “हम तो कॉपी करते हैं.” तिथे थांबू नकोस. कॉपी करताना खिसा कुठे सरकवला, कापड कसं वाचवलं, ते विचार. खरी गोष्ट तिथून सुरू होईल.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बायकांच्या नावागावासकट. तुझ्या कामात मात्र नाव छापलं तर शेठ नाराज होईल, डिझाइन छापलं तर शेजारचा उचलेल. म्हणून काय छापायचं ते मास्टरलाच विचार, आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखव.

अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060 आहे, शिलाहार राजाचं नाव आहे. पण मूर्ती घडवताना पाथरवटाला काय सुचलं, त्याने काय टाकून दिलं, हे आज कुणाला विचारणार? तुझे मास्टर अजून बोलू शकतात. त्यांचा रोज बुडवू नकोस, मुलाखतीला सुट्टीच्या दिवशी जा.

आणि पहिली मुलाखत शब्दन् शब्द उतरवून झाल्याशिवाय दुसरी घेऊ नकोस.

तुझी,
आत्या