कणसीमेवरचं मॅग्नेशियम: ऊर्जा मोजण्याची कृती

ॲल्युमिनियममध्ये मिसळलेलं मॅग्नेशियम कणसीमेवर किती घट्ट बसतं, ते आज तुमच्याच लॅपटॉपवर मोजू. पथ्य एकच: उत्तर म्हणजे दोन मोठ्या बेरजांमधला बारीकसा फरक, म्हणून दोन्हीकडे गणनेची पेटी आणि सेटिंग तेच ठेवा.

साहित्य: लॅम्प्स, ॲटम्स्क, ओव्हिटो (तिन्ही विनामूल्य मिळतात) आणि ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची ईएएम पोटेन्शियल फाइल.

कृती

१. आधी शुद्ध ॲल्युमिनियम मिनिमाइझ करा. जालकाची बाजू ४.०५ अँगस्ट्रॉमच्या आसपास यायला हवी. भलतंच काही आलं, तर इनपुटमधला मूलद्रव्यांचा क्रम तपासा.

२. ॲटम्स्कमध्ये एक कण आणि त्याची आरशातली प्रतिमा जोडून सिग्मा ५ (२१०) सीमा तयार करा. दोघांमधला कोन ५३.१३ अंश. पेटी आवर्ती असल्याने सीमा दोन होतात. त्यांच्यात ५० अँगस्ट्रॉम तरी अंतर ठेवा. पेटीची रुंदीही २० अँगस्ट्रॉमच्या वर हवी, नाहीतर मॅग्नेशियमला शेजारी स्वतःचीच प्रत भेटेल.

३. सीमेवर २ अँगस्ट्रॉमपेक्षा जवळ आलेल्या जोडीतला एक अणू काढा. दोन्ही काढलेत तर भोक पडेल!

४. एक कण सीमेलगत थोडाथोडा सरकवत दरवेळी मिनिमाइझ करा. पहिल्याच रचनेवर समाधान मानू नका.

५. सर्वांत कमी ऊर्जेची रचना सेव्ह करा. यापुढे पेटीचं माप बदलायचं नाही.

६. कणाच्या मधोमध, दोन्ही सीमांपासून दूर, एका अणूचा प्रकार बदलून मॅग्नेशियम करा.

७. मिनिमाइझ करून एकूण ऊर्जा लिहून ठेवा. हा झाला तुमचा आधार.

८. ओव्हिटोमध्ये सीमेवरच्या अणूंचे क्रमांक टिपा. पडद्यावरची ओळ नव्हे, अणूचा आयडी घ्या.

९. सेव्ह केलेली फाइल नव्याने उघडून यादीतला पहिला अणू बदला. जुनी फाइल पुढे वापरलीत तर मधला मॅग्नेशियम अणू तसाच राहील.

१०. सातव्या पायरीइतक्याच अचूकतेने मिनिमाइझ करून ऊर्जा टिपा.

११. त्यातून आधाराची ऊर्जा वजा करा. उत्तर ऋण आलं, तर ती जागा मॅग्नेशियमला मानवते. काही लेखांत चिन्ह उलटं असतं. तुलना करताना जपा.

१२. नववी ते अकरावी पायरी उरलेल्या प्रत्येक जागेसाठी करा. सरासरी काढण्याची घाई नको. प्रत्येक जागेचा आकडा वेगळा ठेवा.

१३. सीमेवरच्या किती जागा भरतात ते सांगणाऱ्या मॅक्लीनच्या सूत्रात आकडा घाला. समजा उणे ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट आले; ५०० केल्विनला घातांकी पद सुमारे १०४ होतं. कणात १ टक्का मॅग्नेशियम असेल, तर अशा साधारण ५१ टक्के जागा भरतात. मात्र हे सूत्र शेजारच्या मॅग्नेशियम अणूंची ओढाताण धरत नाही, म्हणून इतकी गर्दी दिसली की आकडा अंदाजच समजा.

पहिली जागा हातानेच करून पाहा. ती नीट जमली, की मगच बाकीच्यांसाठी लूप लिहा.