कराची थकबाकी, जप्ती आणि ज्यूरीचा हक्क

नागरिकशास्त्राच्या तासाला या वर्षीं एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "वीस डॉलरांच्या तंट्यालाहि अमेरिकेंतील मनुष्यास ज्यूरी मागतां येते, मग कर थकला म्हणून सरकार त्याचें घर ज्यूरीवांचून कसें विकूं शकतें?" प्रश्न लहानसा, पण त्याच्या उत्तरास तो तास पुरला नाहीं, म्हणून तें येथें लिहीत आहों.

ज्यूरी म्हणजे न्यायाधीशाच्या जोडीला बसविलेले सामान्य नागरिक. साक्षीपुरावा ऐकून खरें काय घडलें हें त्यांनीं सांगावयाचें, कायदा काय आहे हें न्यायाधीशानें. इ. स. १९०८ सालीं मुंबई हायकोर्टांत लोकमान्य टिळकांवर जो खटला चालला, त्यांत नऊ ज्यूरर होते आणि त्यांचीं मतें सात विरुद्ध दोन अशीं पडलीं, हें वडील मंडळींस ठाऊक असेलच. आपल्या देशांतून ती पद्धति पुढें गेली. अमेरिकेंत मात्र ती राज्यघटनेंतच बसविलेली आहे. इ. स. १७९१ च्या सातव्या दुरुस्तीनें, कॉमन लॉप्रमाणें चालणाऱ्या दाव्यांत रक्कम वीस डॉलरांहून अधिक असेल तर ज्यूरीचा हक्क राखून ठेविला आहे.

या हक्काविषयीं तेथील लोक इतके हळवे कां, याचें कारण कराशींच निगडित आहे. इ. स. १७६५ मध्यें इंग्लंडच्या पार्लमेंटानें वसाहतींवर स्टँपचा कर बसविला, आणि त्या कायद्याखालील खटले ज्यूरी नसलेल्या आरमारी न्यायालयांत चालविण्याची मुभा ठेविली. इ. स. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यांत राजाविरुद्ध जीं गाऱ्हाणीं मांडलीं आहेत, त्यांत ज्यूरी हिरावून घेतल्याचें गाऱ्हाणें आहे. तेव्हां अशा देशांत करवसुलीला तरी ज्यूरी लागेलच, असें कोणासहि वाटेल. पण घडलें उलट.

सॅम्युएल स्वॉर्टवूट नांवाचा गृहस्थ न्यूयॉर्क बंदरावर जकातीचा कलेक्टर होता. इ. स. १८३८ मध्यें तो युरोपांत निघून गेला, आणि मागून हिशेब पाहतां त्याच्याकडे दहा लाखांहून अधिक डॉलर सरकारचें येणें निघालें. (लोकांकडून कर घेणाराच थकबाकीदार ठरला, ही गंमत आमच्या विद्यार्थ्यांच्या नजरेंतून सुटणार नाहीं.) इ. स. १८२० च्या एका कायद्याप्रमाणें खजिन्याच्या अधिकाऱ्यानें जप्तीचें वॉरंट काढिलें, आणि न्यू जर्सींतील त्याच्या जमिनी विकण्यांत आल्या. कोणत्याहि न्यायालयानें आधीं निकाल दिला नव्हता. त्याच जमिनींवर दुसऱ्या एका घेणेकऱ्याच्या हुकुमनाम्याच्या आधारें हक्क सांगणारा पक्ष पुढें आला, आणि वाद वाढत वाढत इ. स. १८५६ मध्यें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायमूर्ति कर्टिस यांनीं जुने इंग्रजी कायदे चाळून पाहिले. राजाचें येणें वसूल करण्यास इंग्लंडांतहि फार पूर्वींपासून झटपट मार्ग होता, आणि वसाहतवाल्यांनीं तो आपणाबरोबर आणिला होता. म्हणून अशी जप्ती घटनेस सोडून नाहीं, असा त्यांचा निर्णय झाला. सरकारनें आपलें येणें स्वतःच्या अधिकारानें वसूल करणें हा कॉमन लॉचा दावा नव्हे, ही या विचारसरणीची किल्ली होय.

पुढें इ. स. १८६५ च्या उत्पन्नावरील करापायीं इलिनॉयमधील वकील विल्यम स्प्रिंगर यांचें राहतें घर विकलें गेलें. यादवी युद्धाच्या खर्चासाठीं बसविलेला तो कर देण्याचें त्यांनीं साफ नाकारलें होतें. कायद्याच्या योग्य प्रक्रियेवांचून आपली मिळकत घेतली, हें त्यांचें म्हणणें इ. स. १८८१ मध्यें फेटाळलें गेलें. प्रत्येक कराच्या आधीं कज्जा चालूं दिला तर राज्य चालणार कसें, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा रोख होता.

मग ज्यूरी मुळींच मिळत नाहीं काय? मिळते, पण दार निराळें आहे. आधीं कर भरावा, मग तो परत मिळावा म्हणून जिल्हा न्यायालयांत दावा करावा. अशा दाव्यांत सरकारविरुद्ध ज्यूरी मागण्याची सोय इ. स. १९५४ मध्यें कायद्यानें झाली. परंतु इ. स. १९६० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं त्यापूर्वीं सबंध कर भरला गेला पाहिजे. ज्याच्यापाशीं भरावयास पैसे नाहींत, त्यानें कर न्यायालयाकडे जावें. तेथें आधीं पैसे भरावे लागत नाहींत, पण ज्यूरीहि नसते. म्हणजे सामान्य नागरिकांपुढें आपलें गाऱ्हाणें मांडण्याचा मान मुख्यतः संपन्न मनुष्यास मिळतो, आणि ही गोष्ट आम्हांस सलते. कर बुडविल्याचा फौजदारी खटला झाला तर मात्र गरीब-श्रीमंत सर्वांनाच ज्यूरी आहे. शिकागोचा कुप्रसिद्ध अल् कपोन यास इ. स. १९३१ मध्यें ज्यूरीनेंच दोषी ठरविलें.

जप्तीलाहि मर्यादा आहेत. इ. स. १९९८ च्या कायद्यानें सामान्यतः जप्तीपूर्वीं तीस दिवसांची नोटीस व सुनावणी मागण्याची संधि दिली. राहतें घर घ्यावयाचें तर न्यायाधीशाची मंजुरी लागते. अंगावरचे आवश्यक कपडे आणि मुलांचीं शाळेचीं पुस्तकें यांस तर अधिकाऱ्यानें हात लावूं नये, असें कायद्यांतच लिहिलें आहे.

हें झालें मध्यवर्ती सरकारच्या करांचें. घरपट्टी वसूल करणारे परगणे निराळे. मिनेसोटा संस्थानांतील एका वृद्ध बाईकडे कर, व्याज व दंड मिळून सुमारें १५,००० डॉलर थकले होते. परगण्यानें तिचें घर ४०,००० डॉलरांस विकलें, आणि उरलेले २५,००० डॉलर स्वतःच ठेवून घेतले. बाई ९४ वर्षांची असतां, इ. स. २०२३ च्या मे महिन्यांत, सर्वोच्च न्यायालयानें तिच्या बाजूनें निकाल दिला. येणें आहे तेवढेंच घ्यावें, बाकीचें धन्याचें, हा नियम १२१५ च्या मॅग्ना कार्टापासून चालत आलेला आहे, असें निकालपत्रांत दाखविलें आहे. त्या वेळीं तेथें ज्यूरी नव्हती. नऊ न्यायाधीश होते, आणि नऊहि जणांचें एकमत झालें.